शनिवारचा शिपाई

आटपाडीचे पाहुणे मलकापुरात उतरल्याची बातमी पाहुण्यांच्या आधी शेरेवाडीत पोचली, कारण त्यांची मोटार नादुरुस्त झाली होती आणि बातमी झाली नव्हती. पाहुणे आता बैलगाडीतून येणार होते. तेवढ्या वेळात पिसाळांच्या घराला एक प्रश्न मिटवायचा होता, जो दिवाळीपासून मिटत नव्हता. शकूची सुपारी फोडायची कुणी?

इतर घरांत सोयरिकीची सुपारी भटजी फोडतो, नाहीतर मामा, नाहीतर जवळ बसलेला कुणीही. पिसाळांच्यात ती फौजेतला माणूस फोडतो. देव्हाऱ्यामागची जुनी तलवार काढायची, तिच्या मुठीने पाटावर एकच घाव घालायचा, सुपारी दुभंगली की लग्न पक्के. त्या तलवारीचा याखेरीज काही उपयोग तीन पिढ्यांत कुणाला सापडला नव्हता. रिवाज कुणी पाडला ते ठाऊक नव्हते, पण तो मोडायचा नाही यावर घराचे एकमत होते, आणि एकमत होण्याजोग्या गोष्टी त्या घरात फार नव्हत्या. त्या साली गावात सरकार नक्की कुणाचे, याबद्दलसुद्धा मतभेद होते. इंग्रज अजून गेला नव्हता, पत्रीसरकार येऊन गेले होते, दिल्लीत आणखी तिसरेच कुणी बसले होते. पिसाळांच्या घरात मात्र हवालदार लालासाहेबांचे सरकार होते आणि ते पडण्याची चिन्हे नव्हती.

लालासाहेब सोप्यात बसून चिंचेच्या कोळाने आपली बिल्ले-पदके घासत होते. समोर धाकटा भाऊ आकाराम उभा होता.

"तात्या, लेक माजी हाय."

"तुजीच हाय. न्हाई कोन म्हंतंय? बाप म्हनून बस की पाटावर. कुंकू लाव, नारळ दे. तलवारीला हात लावायचं काम न्हाई."

"मीबी फौजेत हुतो."

"फौजेत!" लालासाहेबांनी पदकावर फुंकर मारली. "शनिवारी दुपारनं बूट घालायचं, मैदानात चार चकरा मारायच्या आन सरबत पिऊन घरला जायचं. ह्येला फौज म्हनत्यात व्हय रं? मग आमचा कराडचा बाजार म्हंजी लढाईच म्हनायची."

"वर्सातनं पंधरा दिस कँप असायचा."

"पंधरा दिस तर पोरी माहेरालाबी येत्यात, गड्या. त्यास्नी कुनी शिपाई म्हनत न्हाई."

आकारामने खाली घरंगळलेले एक पदक उचलून भावापुढे ठेवले. लालासाहेबांपुढे त्याची वाचा कधीच फुटत नसे. तरणा असताना याच भावाने त्याला साताऱ्याला भरतीसाठी नेले होते. तिथल्या गोऱ्या डॉक्टरने त्याच्या छातीभोवती फीत गुंडाळली आणि मान हलवली. इंचभर छाती कमी पडली. परतीच्या वाटेवर लालासाहेब एक शब्द बोलले नाहीत, आणि ते न बोलणे आकारामला अजून ऐकू येत असे. पुढे तो मुंबईच्या गोदीत गेला आणि तिथून एका शेठजीच्या तांदळाच्या गोदामावर राखणदार म्हणून पार समुद्रापलीकडच्या एका बेटावर. शकू तेव्हा रांगत होती. बेटाचे नाव घरात तीन तऱ्हांनी घेतले जाई आणि तिन्ही चूक असाव्यात, म्हणून सगळे नुसते 'बेट' म्हणत. तिथल्या भाषेत त्या नावाचा अर्थ सुपारी असा आहे, एवढे मात्र आकारामने येताना पुरावा म्हणून पिशवीभर आणून सिद्ध केले होते.

तो गेल्या उन्हाळ्यात परतला. मधल्या लढाईच्या काळात त्याचा ठावठिकाणा नव्हता आणि त्याच्या बायकोने, राहीबाईने, कुंकू पुसायला ठाम नकार दिला होता. तो आला तेव्हा अंगावर शर्ट कुणाचा तरी होता, पण बूट स्वतःचे होते. फौजी, काळे, आरशासारखे. तेव्हापासून दर शनिवारी दुपार कलली की तो ते बूट घालायचा आणि परसात धान्याच्या कणगीपाशी ताठ उभा राहायचा. गावातल्या पोरांना फुकटचा तमाशा झाला. घरातल्या मोठ्यांनी बेटावरचे ऊन कडक असते, असा निष्कर्ष काढला.

लालासाहेबांनी पदके छातीवर टाचली. त्यांची अडचण वेगळी होती. सोयरिकीची बोलणी करताना 'मुलीचा बाप फौजेत होता' हे त्यांनीच सांगितले होते. शनिवारचा उल्लेख केला नव्हता. आणि मुलाचे चुलते नानासो हे खरेखुरे सुभेदार होते, आफ्रिकेच्या वाळवंटातून परतलेले. त्यांच्यासमोर आकारामने तलवार धरावी आणि त्यांनी सहज विचारावे, 'पाव्हनं, पलटन कंची?' नुसत्या कल्पनेने लालासाहेब रात्री उठून बसत.

ही झाली सांगण्याजोगी अडचण. दुसरी त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. शकूला गोवर झाला तेव्हा उशाशी कोण बसले होते? कराडच्या जत्रेत तिला खांद्यावर कोणी मिरवले? स्वतःला लेक नव्हती. ती सुपारी आपल्या हाताने फुटावी, एवढेच त्यांना वाटत होते. पण असले काही बोलण्यापेक्षा भावाला शनिवारचा शिपाई म्हणणे सोपे होते.

स्वयंपाकघरात पुरण शिजत होते. राहीबाई वेलची कुटत होती, म्हणजे खरे तर लालासाहेबांना कुटत होती. थोरली जाऊ धोंडुबाई पोळ्या लाटत होती. दोघींमध्ये दहा वर्षे एका फोटोवरून युद्ध चालू होते. आकारामने बेटावरून पाठवलेला फोटो, अर्धी चड्डी, एका बाजूने मुडपलेली हॅट, हातात बंदूक. राहीबाईने तो लालासाहेबांच्या फोटोशेजारी, त्याच उंचीवर लावला. दुसऱ्या दिवशी तो वीतभर खाली आला. राहीबाईने वर चढवला. तो पुन्हा उतरला. भिंतीला खिळ्यांची इतकी भोके पडली की पाहुणे देवीची साथ आली होती का विचारत. या सगळ्या काळात दोघी जावा फोटोबद्दल एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

आकाराम आत येऊन चुलीपाशी बसला.

"न्हाई म्हनलं ना?" राहीबाईने विचारले.

"न्हाई म्हनलं."

"तुमी काय बोल्लाव?"

"काय बोलनार?"

राहीबाईने बत्ता अशा काही जोराने हाणला की वेलचीचे पीठ झाले.

कोपऱ्यात शकू नव्या लुगड्याच्या निऱ्यांशी झगडत होती. हा बाप तिला सहा महिन्यांपूर्वी भेटलेला. त्याला 'आप्पा' म्हणायला तिला अजून घसा साफ करावा लागे. 'दोघांनी मिळून धरा की तलवार' असे तिने कालच सुचवले होते, आणि दोघांनीही तिच्याकडे असे पाहिले होते, जणू एका घोड्यावर दोन नवरदेव बसवायला सांगितले. आज तिने दुसरेच काही विचारले.

"आप्पा, रागावनार न्हाई तर इचारू? तुमी दर शनवारी कनगीपाशी का उभं ऱ्हाता?"

राहीबाईचा हात थांबला. हा प्रश्न तिलाही पडला होता. उत्तराच्या भीतीने तिने तो विचारला नव्हता.

"पहारा असतोय," आकाराम म्हणाला.

"कसला?"

आणि मग आकाराम बोलू लागला. लालासाहेबांसमोर न फुटणारी त्याची वाचा चुलीसमोर मजेत चालत असे.

"त्या बेटावरची पलटन लय जुनी. आपल्या थोरल्या आबांच्याबी आदीची. गावात कवा तरी दंगा झाला, साहेबलोक घाबरलं, तवा दुकानदार, ब्यांकवालं, कथिलवालं अशा समद्यांनी मिळून काडली. आठवडाभर साहेब गल्ल्यावर बसायचा आन शनवारी क्याप्टन व्हायचा."

"आन सोमवारी?" धोंडुबाईने विचारले.

"सोमवारी परत साहेब. आमच्या शेठजीला कर्ज देनारा ब्यांकेचा साहेब तोच माजा क्याप्टन. म्हनून परेडला कुनी दांडी मारायचं न्हाई. पयल्यांदा नुसतं गोरंच घेत हुते. मग गोरं पुरंनात, तवा चिनी कारकून घेतलं, मलायी घेतलं, आन सरतेशेवटी आमच्यासारकं चारदोन. छाती मोजलीच न्हाई, वैनी. पायाचं माप तेवडं घेतलं, बुटासाटी."

"बुटासाटी गेला व्हय फौजेत?" शकूला हसू आले.

"पयल्यांदा बुटासाटीच, बाळ. खोटं कशाला बोलू? एक तोफबी हुती. राजाच्या वाडदिवसाला उडवायची. एका साली अशी उडवली की ब्यांकेच्या समद्या काचा गेल्या. हुकूम दिलता ब्यांकेच्याच साहेबानं. त्यो सोमवारी ब्यांकेत जाऊन स्वतावरच चिडला म्हनं."

धोंडुबाई इतकी हसली की पोळी कर्नाटकाच्या नकाशासारखी लाटली गेली. शकूने निऱ्या सोडून दिल्या.

"मग जपान आला," आकाराम म्हणाला. "वरनं बाँब पडलं. क्याप्टननं मला आमच्याच गोदामावर उभं केलं. म्हनला, बदली येईस्तवर हलायचं न्हाई. मी म्हनलं, व्हय साहेब. रातीत समदं साहेबलोक बोटीत बसून गेलं. सकाळी बंदरावर त्यांची कुत्री तेवडी."

"आन तुमी?"

"उभाच. लोक तांदूळ लुटाया आलं. म्या म्हनलं, लुटायचं न्हाई, रांग धरा. शेरशेर वाटला. गल्लीतल्या चिनी म्हाताऱ्या मला उभ्याउभ्या प्येज पाजायच्या. मग जपान्यानं गोदाम घेतलं आन मला हाकललं. बंदूक म्या हिरीत टाकली, बूट पोत्यात दडवलं आन हमाली धरली. पर शनवारी सांजच्याला गोदामासमोर जाऊन जरा उभं ऱ्हायाचा. म्हनलं, बदली आली आन मी नसलो तर?"

"चार वर्सं?" राहीबाईने विचारले.

"येडाच म्हन. पर सोडल्याबिगर कसं सोडायचं? हितं आलो तरी पाय ऐकंनात. बेट ऱ्हायलं तिकडं. कनगी तर हाय."

पुरण खदखदत होते. राहीबाईने पदर डोळ्यांना लावला. मग धोंडुबाईचे लाटणे थांबले.

"भावजी, म्हंजी तुमाला पलटनीतनं कुनी सोडलंच न्हाई? नाव कापलं न्हाई?"

"कापाया मानूस पायजे का नको, वैनी? क्याप्टन कुटं गेला कुनास ठावं."

धोंडुबाई थोडा वेळ तव्याकडे बघत राहिली. पोळी करपली तरी तिने उलटली नाही, हे अघटित होते. मग ती म्हणाली, "राही, आबास्नी पुरनाची वाटी दे. तुपाची धार चांगली लांब सोड. आन म्हनावं, जरा आत येऊन जा. सतरा सालचं बोलायचं हाय."

राहीबाईने जावेकडे पाहिले. दहा वर्षांत पहिल्यांदाच तिने काही न विचारता सांगितलेले ऐकले.

दादासो आबा म्हणजे लालासाहेबांचे चुलते, पहिल्या लढाईच्याही आधीचे पेन्शनदार. त्यांचे दात गेले होते, कान जाण्याच्या बेतात होते, पण सतरा साल जसेच्या तसे शिल्लक होते. त्या साली घरातल्या एका पोरीची सुपारी आबा फोडणार होते. तलवार हातात घेतली होती. तेवढ्यात रजेवर आलेला कोवळा रंगरूट लालासाहेब पुढे झाला आणि म्हणाला, चालू नोकरीतला माणूस हजर असताना पेन्शनदाराने तलवार धरायची नसते, मान चालू नोकरीचा. गणवेश नवा होता, लोकांना पटले. आबांनी तलवार खाली ठेवली आणि तेव्हापासून ते पुतण्याशी हवापाण्याखेरीज बोलत नव्हते.

पाहुणे आले. पाय धुणे झाले, गुळपाणी झाले, मोटारीला शिव्या देऊन झाल्या. मुलगा अर्जुना सांगलीच्या हळदीच्या पेठेत कामाला होता. त्याने आल्यापासून स्वतःच्या अंगठ्यावरची नजर हलवली नव्हती, मात्र आतल्या दारात लुगडे सळसळले की अंगठा हलत असे. सुभेदार नानासोंनी लोडाला टेकून मिशा झटकल्या, त्यातून माणदेशाची थोडी धूळ पडली. मग दोन्ही बाजूंनी आपापल्या लढाया मांडल्या. लालासाहेबांनी बसरा काढला. नानासोंनी वाळवंट काढले. बसऱ्यात पाणी मिळत नव्हते, वाळवंटात ते मुळातच नव्हते, असा पाहुण्यांचा थोडक्यात विजय झाला. आकाराम कडेला बूट घालून गप्प बसला होता.

पाट मांडला. त्यावर बेटावरची सुपारी ठेवली. लालासाहेबांनी तलवारीला कुंकू लावले आणि मूठ खाली धरली.

"थांब रं लाला," दादासो आबा म्हणाले.

आबा हवापाण्यावर बोलत नव्हते, हे सगळ्यांच्या लक्षात आले.

"सतरा साली तू काय म्हनलातास, पाव्हन्यांम्होरं सांग."

"आबा, ही येळ हाय व्हय?"

"हीच येळ हाय. तीस वर्सं थांबलोय मी. सांग."

लालासाहेबांनी पाहुण्यांकडे पाहिले. हवालदार होते, खोटे बोलता येत नव्हते. "चालू नोकरीतल्याचा मान पयला, म्हनलं हुतं."

"हितं चालू नोकरीत कोन हाय?"

"कुनीच न्हाई. समदे पेन्शनीतले. म्हनून तर म्या..."

"हाय की. आकाराम हाय."

नानासोंनी मान वळवली. "मुलीचं वडील? आजून नोकरीत? पाव्हनं, पलटन कंची?"

लालासाहेबांनी डोळे मिटले. ज्या प्रश्नापायी त्यांना पंधरा दिवस झोप नव्हती, तो आला होता.

आकाराम उठून उभा राहिला. आतल्या दारातून चार डोळे त्याच्या पाठीला टेकू देत होते. तो म्हणाला, "बेटावरची, साहेब. शनवारची पलटन. आठवड्यातनं एकदा परेड. बाकीचा येळ मी तांदळाच्या गोदामावर."

नानासो हसले नाहीत. त्यांनी चौकशीला बसल्यासारखी मांडी बदलली.

"सुटीचा हुकूम?"

"मिळाला न्हाई."

"शेवटची ड्युटी?"

"गोदामाचा पहारा."

"बदली?"

"आली न्हाई, साहेब."

"जागा कवा सोडली?"

"जपान्यानं हाकलल्यावर. पर शनवारी जात हुतो." आकाराम जरा थांबला. "आजूनबी उभा ऱ्हातो."

नानासो पुढे वाकून त्याचे बूट बघू लागले. मग लालासाहेबांकडे वळले.

"हवालदार, ह्यात इचार करन्यासारकं काय न्हाई. बदली आल्याबिगर शिपाई सुटत न्हाई, ही शनवारची गोष्ट न्हाई, समद्या वारांची हाय. ह्यो गडी ड्युटीवर हाय. तुमी-आमी घरी बसल्याली मानसं." आणि मग, इतका वेळ दाबून ठेवलेले हसू मिशांतून बाहेर आले. "आमास्नी फौजेत हुता म्हनून सांगितलं. त्यो फौजेत 'हाय' निघाला. माल सांगितल्यापरास चांगला निघाल्याचं ह्ये पयलंच लगीन बघतोय मी."

सोपा हसला. आबा सगळ्यांत जास्त हसले, आवाज न करता, अंगभर.

लालासाहेब तलवार धरून तसेच उभे होते. स्वतःचाच कायदा तीस वर्षांनी घरी परत आला होता आणि त्याला दाराबाहेर उभे करता येत नव्हते. त्यांनी आतल्या दाराकडे पाहिले. शकू तिथे उभी होती, निऱ्या चुकलेल्या, डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. गोवर उतरला त्या सकाळी ती अशीच हसली होती. त्या हसण्यापुढे त्यांचे कधी काही चालले नव्हते.

त्यांनी टाचा जुळवल्या आणि मूठ पुढे करून तलवार भावाच्या हातात दिली.

"हान. पर एका घावात. नाव घालवू नगंस."

आकारामने हाणली. सुपारी दुभंगली. एक तुकडा पाटावर राहिला, दुसरा उडून दादासो आबांच्या मांडीवर पडला. तो आपलाच मान आहे असे ठरवून आबांनी तो तोंडात टाकला. दात नव्हते, पण प्रश्न तत्त्वाचा होता.

हलगी वाजली, साखर वाटली गेली. अर्जुनाची नजर अंगठ्यावरून उठली ती थेट दारात गेली आणि तिथेच राहिली. तेव्हा आकाराम लालासाहेबांपाशी आला.

"तात्या, सुपारी फुटली. आता मला सोडा की."

"मी? मी कोन सोडनार?"

"हुकूम मी देतो," नानासो म्हणाले. "सुभेदार हाय. पर बदली घ्यायला कुनी तरी पायजे. रिकामी जागा सोडता येत न्हाई."

"मी घेतो," लालासाहेब म्हणाले. त्यांनी कुणाला विचार करायला वेळच दिला नाही.

सगळे घर परसात आले. कणगीपाशी आकाराम उभा राहिला, ताठ. लालासाहेब पदके वाजवत चालत आले, बरोबर समोर थांबले आणि साताऱ्याच्या वाटेवर न बोललेला माणूस बोलला.

"पहारेकरी, काय राखतोस?"

"तांदळाचं गोदाम, हवालदारसाहेब."

"नुकसान?"

"काय न्हाई. रांगंत वाटला."

"शाबास. पहारा मी घेतला. जा."

नानासोंनी हुकूम दिला. आकाराम वळला, तीन पावले तालात चालला आणि चौथे चुकले, कारण समोर राहीबाई होती. लोकांसमोर नवऱ्याचा हात धरायची रीत शेरेवाडीत नव्हती. तिने धरला. धोंडुबाईने तोंड फिरवून कोंबड्यांना हाकलले, तिथे कोंबड्या नव्हत्या. नंतर ती आत गेली, हातोडा घेतला आणि भिंतीवरचा हॅटवाला फोटो लालासाहेबांच्या फोटोच्या रांगेत आणून शेवटचा खिळा ठोकला.

पुढच्या शनिवारी दुपार कलली तेव्हा आकाराम ओट्यावर अनवाणी घोरत होता. बूट खुंटीला होते. राहीबाई पाण्याला निघाली तेव्हा परसात कुणी तरी उभे असल्यासारखे तिला वाटले. तिने डोकावून पाहिले.

कणगीपाशी लालासाहेब उभे होते. पदके लावून, काठी खांद्याला, ताठ.

"आवं तात्या, ह्ये काय?"

"काय न्हाई," लालासाहेब म्हणाले. "जरा ऊन खातोय. तू हळू चाल. त्यो निजलाय."